सेंगुट्टुवनने खरंच हिमालय गाठला का? आधी काव्य काय म्हणतं ते बघू या

‘तमिळ राजा सेंगुट्टुवन याने दुसऱ्या शतकात हिमालयापर्यंत स्वारी केली आणि गंगा ओलांडायला त्याला आपल्या सातवाहनांनी नावा दिल्या.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. दोन्हीकडच्या लोकांना सुखावणारं असल्यामुळे ते फार तपासलं जात नाही. माझा अभ्यास दक्षिणेतल्या राजप्रशस्तींवर असल्याने मला ते तपासावंच लागतं.

पुरावा म्हणून पुढे केलं जातं ते ‘सिलप्पदिकारम’, म्हणजे कण्णगीची कथा. मदुरेच्या पांड्य राजाने तिच्या नवऱ्याला, कोवलनला, चोर ठरवून मारलं. तिने भर दरबारात त्याचं निर्दोषत्व सिद्ध केलं, राजा तिथेच मेला आणि शहर जळालं. एवढं आपल्याला माहीत असतं. पण काव्याच्या ३० सर्गांपैकी शेवटचे ७, म्हणजे वंजी कांडम, चेर राजा सेंगुट्टुवनचे आहेत. कण्णगीची मूर्ती घडवण्यासाठी तो हिमालयातून दगड आणायला निघतो.

सातवाहनांचा धागा इथेच येतो. वाटेत नीलगिरीच्या तळावर त्याला ‘नूट्रुवर कन्नर’ यांचा दूत संजय भेटतो. नूट्रुवर म्हणजे शंभर जण. कन्नर हे ‘कर्ण’चं प्राकृत वळणाचं रूप, ज्यातून आपला ‘कान’ आला. शत आणि कर्ण मिळून शातकर्णी! नाणेघाटातल्या लेखामुळे आपल्या ओळखीचं असलेलं नाव कुणीतरी शब्दशः तमिळमध्ये नेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. सातवाहनांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला तमिळच्या जवळची भाषा आहे, तेव्हा हा परिचय हवेतला नाही. पण एका राजाचे ‘शंभर जण’ झालेत, हेही बघा. कवीपर्यंत नाव पोचलं होतं, माणूस पोचला नव्हता. त्यावरून नावा पुरवल्याचं सिद्ध होत नाही.

दुसरा आधार श्रीलंकेच्या गजबाहूचा. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला तो हजर होता असं काव्य सांगतं, आणि गजबाहू दुसऱ्या शतकातला. व्ही. कनकसभै यांनी १९०४च्या पुस्तकात प्राचीन तमिळ कालगणनेची मांडणी करताना या जोडीचा आधार घेतला. पुढे कामिल झ्वेलेबिल यांच्यासारख्या जाणकारानेही ती उचलून धरली. गणनाथ ओबेयेसेकेरे यांनी मात्र १९७०मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं. महावंसात गजबाहू आहे, पण कण्णगीच्या पूजेचा उल्लेख नाही. आणि काव्य बहुतेकांच्या मते पाचव्या-सहाव्या शतकातलं, म्हणजे घटनेनंतर तीनेकशे वर्षांनी रचलेलं. एवढ्या बारीक खुंटीवर अख्खी कालगणना टांगायची, हे मला धाडसाचं वाटतं.

मग जुनं काय आहे? ‘पदिट्रुप्पत्तु’ या चेर राजांच्या स्तुतिसंग्रहातलं पाचवं दशक परणर या कवीने सेंगुट्टुवनवर रचलं. त्यातला राजा समुद्राशी लढतो, मोहूरच्या पळैयनचा कडुनिंब तोडतो. हिमालय ते कुमारी यांमधल्या राजांना जिंकल्याची बढाईही आहे, पण ती घराण्यातलीच; त्याच्या बापाचं बिरुदच ‘ज्याची सीमा हिमालय’ असं होतं. कण्णगी आणि दगड मूळ कवितांमध्ये नाहीतच. दगडाची गोष्ट येते ती दशकाला मागून जोडलेल्या पदिकात.

इथवर शंका घेणं सोपं आहे. माझी खरी तक्रार वेगळी आहे. सेंगुट्टुवनचा जयजयकार करणारे आणि ‘सगळं थोतांड’ म्हणणारे, दोघंही वंजी कांडम हे सरळ विजयगीत आहे असं धरून चालतात. तसं ते नाही.

दगडाचाच प्रसंग घ्या. दगड जवळच्या पोदियिल डोंगरातूनही आणता आला असता, कावेरीत न्हाऊ घालता आला असता. राजा म्हणतो, आमच्यासारख्या तलवारबहाद्दर कुळाला ते शोभत नाही. मेलेल्यांसाठी दगड उभारण्याची प्रथा तमिळ भागात जुनी; आपल्या वीरगळांसारखीच. तिथे दगड कुठला, हे कोण विचारतं? इथे मात्र तो राजाच्या मानाचा प्रश्न होतो आणि कण्णगी मागे पडते. उत्तरेतल्या कनक आणि विजय या दोन राजांनी तमिळांची निंदा केली होती, म्हणून दगड त्यांच्याच डोक्यावर लादला जातो.

युद्ध किती वेळ चाललं? १८ घटका. कवी इथे एका दमात वर्षं, महिने, दिवस आणि ‘कडिगै’ म्हणजे आपली घटका मोजतो. टीकाकार उलगडून सांगतात: देवासुर युद्ध १८ वर्षं, राम-रावणाचं १८ महिने, भारतीय युद्ध १८ दिवस, आणि हे १८ घटका. हिशेब केला तर सव्वासात तासही भरत नाहीत. ही लढाईची नोंद नव्हे, काव्यपरंपरेत जागा मिळवण्याचा दावा आहे.

आता सगळ्यात मजेशीर भाग. ३२ महिन्यांनी परतताना सेंगुट्टुवन कैद्यांना चोळ आणि पांड्य राजांना दाखवायला पाठवतो. दोघंही नाक मुरडतात: तापसाच्या वेषात पळणाऱ्यांना पकडलं, यात कसलं शौर्य? राजाचे डोळे लाल होतात. तेव्हा माडलन नावाचा ब्राह्मण त्याला थांबवतो आणि सुनावतो की राज्याला ५० वर्षं झाली, रणातला यज्ञ तेवढा करत आलास, धर्माचा कधी केला नाहीस. राजा ऐकतो.

परंपरा सांगते की काव्याचा कर्ता इळंगो अडिगळ हा सेंगुट्टुवनचा धाकटा भाऊ. परणरला या भावाची खबर नाही. पण कर्ता कुणीही असो, आपल्याच नायकाच्या विजयावर शेजाऱ्यांना हसू देणारा कवी त्याचा भाट नव्हता. पांड्य राजाच्या अन्यायाची गोष्ट दोन कांडं सांगून झाल्यावर तिसऱ्यात दुसऱ्या राजाला तो मोकळा कसा सोडेल? वंजी कांडम नंतर चिकटवलेलं, सैल आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. सैल ते आहेच. मिरवणुकांची वर्णनं मी स्वतः भराभर उलटते. पण ते काढलं तर पहिल्या दोन कांडांतला प्रश्न मदुरेपुरताच उरतो.

स्वतः वाचून बघायचं असेल तर आर. पार्थसारथी यांचा १९९३चा इंग्रजी अनुवाद चांगला आहे. वेळ कमी असेल तर ‘नडुकर कादै’ हा सर्ग आधी काढा, चोळ-पांड्यांचा टोमणा तिथेच आहे.