‘मदर रोड’चे स्मरणरंजन : रूट ६६ च्या पर्यटन-संहितेची चिकित्सा

प्रस्तावना :

वाहतुकीच्या नकाशावरून पुसला गेल्यानंतर अधिक प्रसिद्ध झालेला रस्ता विरळाच. अमेरिकेतील रूट ६६ हा महामार्ग ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अधिकृतपणे अस्तित्वात आला. शिकागोहून निघून इलिनॉय, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना व कॅलिफोर्निया अशी आठ राज्ये ओलांडत तो लॉस एंजेलिसला पोचत असे. त्याची लांबी सुमारे २,४०० मैल होती आणि १९३८ मध्ये तो संपूर्ण पक्का झाला. १९५६ च्या आंतरराज्य महामार्ग कायद्यानंतर त्याला समांतर असे नवे द्रुतगती रस्ते बांधले गेले, एकेक गाव बाजूला पडत गेले आणि १९८५ मध्ये हा क्रमांकच राष्ट्रीय यादीतून काढून टाकण्यात आला. २०२६ हे त्याचे शताब्दीवर्ष होय.

मार्गदर्शिका, संग्रहालये, स्मरणवस्तूंची दुकाने, पुनरुज्जीवित मोटेल व निऑन पाट्या या साऱ्यांची मिळून या रस्त्याविषयी एक ‘संहिता’ तयार झाली आहे. तिचे बीजवाक्य ‘मदर रोड’ हे असून ते जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) या कादंबरीतून घेतलेले आहे. शब्द उचलला गेला. त्याच्याबरोबर कादंबरीतील आशय किती आला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

कादंबरीतील रस्ता :

स्टाइनबेक यांच्या कादंबरीत जोड कुटुंबाच्या कथेची प्रकरणे आणि व्यापक सामाजिक चित्र रेखाटणारी प्रकरणे यांची गुंफण आहे. रस्त्याला ‘मदर’ हे विशेषण बाराव्या प्रकरणात येते. परंतु ही माता वात्सल्याची नव्हे. धूळवादळे, कर्ज आणि ट्रॅक्टर यांनी जमिनीवरून उखडलेली माणसे उपनद्यांसारखी आडरस्त्यांवरून येऊन ज्या मुख्य प्रवाहाला मिळतात, तो हा प्रवाह. येथे पळणाऱ्यांचा रस्ता असाच त्याचा अर्थ आहे. जोड कुटुंबाचा म्हातारा आजोबा प्रवासाच्या पहिल्याच रात्री मरतो व रस्त्याकडेला पुरला जातो. आजी मोहावे वाळवंट ओलांडताना मरते आणि तपासणी नाक्यावर अडवले जाऊ नये म्हणून आई तिचे मरण रात्रभर कोणालाही कळू देत नाही. पर्यटकासाठी जे अंतर ‘निसर्गरम्य टप्पा’ ठरते, ते कादंबरीत प्रेताशेजारी पडून काढलेल्या रात्रीचे अंतर आहे.

पर्यटन-संहितेच्या दृष्टीने अधिक अडचणीचे प्रकरण पंधरावे आहे. तेथे रस्त्याकडेचे एक उपाहारगृह आहे, म्हणजे आज ज्याची प्रतिकृती दाखवली जाते तेच. एक स्थलांतरित बाप पंधरा सेंटच्या पावातून दहा सेंटचाच पाव मागतो. वाढणारी मे प्रथम नाखूश असते. आतून आचारी पाव देऊन टाकायला सांगतो. मग ती मुलांना पाच सेंटला एक अशी गोळी एका सेंटला दोन या भावाने देते, बापाला कळू न देता. हे दयाभावाचे चित्र म्हणून सहज वाचले जाते. परंतु त्याच प्रकरणात मे श्रीमंत गिऱ्हाइकांविषयी चीड बाळगते, ट्रकचालकांशी सलगी करते आणि स्थलांतरितांकडे संशयाने पाहते. दर पैशागणिक बदलणारे नाते हा या दृश्याचा खरा विषय आहे. चकचकीत क्रोमचे काउंटर जपणाऱ्या संहितेत हा हिशेब सापडत नाही.

कॅलिफोर्नियाची हद्द तर प्रत्यक्षातही बंद केली जात होती. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन निर्धन प्रवाशांना परत पाठवण्याचा उद्योग केला. गरिबाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ च्या ‘एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात रद्द केला. कादंबरीच्या प्रकाशनानंतर अवघ्या दोन वर्षांनी आलेला हा निकाल मुक्त संचाराच्या प्रतीकाशी फारसा जोडला जात नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आकर्षणस्थळांचे वाचन :

युद्धोत्तर काळात रस्त्याचा अर्थ पालटला. बॉबी ट्रूप यांचे १९४६ चे गीत गावांची नावे सुरात ओवते. प्रवास ही आता गंमत ठरते. गीत लोकप्रिय केले नॅट किंग कोल यांनी. त्या गावांतील कित्येक मोटेलमध्ये मात्र त्यांच्यासारख्या कृष्णवर्णीयाला खोली मिळाली नसती. हा विरोधाभास पुरेसा बोलका आहे.

रस्त्यालगतच्या वास्तू स्वतःच जाहिरात होऊन उभ्या राहिल्या. ओक्लाहोमातील कटूसा येथील निळा देवमासा हे याचे निरागस उदाहरण. ह्यू डेव्हिस यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तो पत्नीला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तळ्यात बांधला. अमारिलो येथील ‘कॅडिलॅक रँच’ (१९७४) याहून गुंतागुंतीची आहे. ‘अँट फार्म’ या कलावंतगटाने दहा कॅडिलॅक मोटारी नाकाडाच्या बाजूने जमिनीत गाडल्या. उपभोगाच्या थडग्याची ही कल्पना होती. येणारा पर्यटक त्यावर रंगाचे फवारे मारून छायाचित्र काढतो. उपरोधाचेही आकर्षण बनवण्याची या संहितेची ताकद येथे दिसते.

अ‍ॅरिझोनातील होलब्रुकचे ‘विगवॅम मोटेल’ (१९५०) अधिक बारकाईने वाचण्याजोगे आहे. तेथील खोल्या काँक्रीटच्या शंकूंच्या आकाराच्या आहेत. नाव विगवॅमचे, आकार मैदानी प्रदेशातील जमातींच्या टीपीचा. आणि ज्यांची भूमी शेजारीच पसरली आहे त्या नाव्हाहोंचे पारंपरिक घर होगान. तिन्हींचा एकमेकांशी मेळ नाही. रस्ता ज्यांच्या प्रदेशातून गेला ते मूळनिवासी असे सजावटीत येतात, यजमान म्हणून क्वचितच. या बाबतीत कादंबरीही निर्दोष नाही : कुळांच्या पूर्वजांनी इंडियनांना मारून जमीन मिळवली, हे स्टाइनबेक पाचव्या प्रकरणात सांगतात, पण तेथेच थांबतात. कृष्णवर्णीय स्थलांतरित तर त्यांच्या रस्त्यावर जवळजवळ दिसतच नाहीत.

ही उणीव दुसऱ्या एका पुस्तिकेने भरून निघते. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ प्रसिद्ध केली. कोठे मुक्काम, जेवण वा पेट्रोल सुखरूप मिळेल याची ती यादी होती. या मार्गाचा अभ्यास करणाऱ्या कॅन्डेसी टेलर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे मार्गावरील ८९ कौंटींपैकी ४४ कौंट्या ‘सनडाउन’ प्रकारच्या, म्हणजे सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयास थारा नसलेल्या होत्या. एकाच रस्त्याच्या दोन मार्गदर्शिका : एकीत काय पाहावे, दुसरीत कोठे थांबू नये.

भारतीय वाचकाने येथे आणखी एक पान जोडून पाहावे. मार्ग ओस पडत असताना अनेक मोटेल भारतीय, विशेषतः गुजराती कुटुंबांनी घेतली आणि चालू ठेवली. प्रत्युत्तरादाखल काही प्रतिस्पर्ध्यांनी ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या लावल्या. अशा भेदभावाच्या अनुभवातूनच १९८९ मध्ये आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. निऑन पाटीचा जीर्णोद्धार कौतुकाने नोंदवला जातो. पाटीखालच्या खोलीत राहून रात्रंदिवस गल्ला सांभाळणाऱ्या कुटुंबाची नोंद त्या मानाने तुटपुंजी आहे.

तथापि स्मरणरंजनाला सरसकट खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. अ‍ॅरिझोनातील सेलिगमन हे गाव १९७८ मध्ये नव्या महामार्गाने वगळले, आणि गिऱ्हाईक एका दिवसात आटले. तेथील नाभिक एंजल डेल्गाडिलो यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये जुन्या मार्गाच्या जतनासाठी संघटना स्थापन झाली व राज्याने त्या पट्ट्यास ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. येथे जुन्या दिवसांची आठवण हेच उपजीविकेचे साधन होते. मेक्सिकन वंशाच्या नाभिकाने ‘अस्सल अमेरिकन’ रस्ता वाचवावा, हेही संहितेच्या प्रस्थापित कथानकात सहज न बसणारे सत्य आहे. पिक्सारच्या ‘कार्स’ (२००६) या चित्रपटामागे सेलिगमनसारख्याच गावांची प्रेरणा होती. चित्रपटातील रेडिएटर स्प्रिंग्जमध्ये फक्त मोटारी राहतात, त्यामुळे वंशाचा प्रश्न आपोआप टळतो.

जतनाची निवड कोणाच्या हाती आहे, हे ओक्लाहोमातील लूथरजवळच्या थ्रेट पेट्रोल पंपावर ताडून पाहता येते. वालुकाश्माची ही लहानशी इमारत कृष्णवर्णीय थ्रेट कुटुंबाने बांधली व चालवली; कृष्णवर्णीय प्रवाशांना निर्धास्तपणे थांबता येईल अशी ती जागा होती. राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत तिचा समावेश १९९५ मध्ये झाला. मात्र २०२१ मध्येही ती देशातील ११ सर्वाधिक धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीत होती.