झाकली मूठ आणि ओरिओचं बिस्किट

‘राउंडर्स’ (1998) मी पहिल्यांदा अड्याळला पाहिला, दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत. फोनवर, चुलतभावासोबत. बाहेर छपरीत थोरल्यांचा तीन पत्तीचा डाव बसला होता. पिक्चर संपल्यावर भाऊ म्हणाला, “दादा, हे त शिकता येते ना!” तेव्हा मी हसलो होतो.

जॉन डालच्या या सिनेमात मॅट डेमनचा माइक कायदा शिकता शिकता पोकर खेळतो. सुरुवातीलाच 30 हजार डॉलर हरतो आणि शेवटी ते परत मिळवतो. विजयाची किल्ली त्याला सापडते ती बिस्किटात. टेडी केजीबी (जॉन माल्कोविच) ओरिओ कानाजवळ धरून उघडतो. त्याने ते खाल्लं की समजायचं, पत्ते भारी आहेत. माइक हे हेरतो आणि हातातले चांगले पत्ते टाकून देतो. प्रसंग झकास आहे. पण सिनेमाची सगळी समज तिथेच अडकते: हूल देणं म्हणजे चेहरा लपवणं आणि कौशल्य म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचणं.

छपरीतला डाव वेगळंच सांगत होता. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणारा स्वतःचेच पत्ते बघत नाही आणि बघून खेळणाऱ्याला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. ब्लाइंडवाल्याच्या चेहऱ्यावर काय वाचणार? त्यालाच काही ठाऊक नाही. तरी त्याच्यापुढे लोक पॅक होतात. 52 पत्त्यांतून तीन पत्त्यांचे 22,100 संच निघतात आणि त्यातल्या 16,440 संचांत साधी जोडीसुद्धा नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची ठरते, कारण बहुतेक वेळा समोरच्याचीही मूठ रिकामीच असते.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी 1944 च्या आपल्या पुस्तकात पोकरमधली हूल गणितात बसवली. कधीच हूल न देणाऱ्याने मोठी रक्कम लावली की सगळे उठतात. त्याच्या भारी पत्त्यांना कोणी पैसे देत नाही. म्हणून अधूनमधून हूल द्यायची, तीही अगदी फालतू पत्त्यांवर, आणि कधीकधी पकडलं जायचं. पकडलं जाणं हा या धंद्यातला खर्च आहे. पॉटात 100 रुपये असताना 100 ची हूल दिली, तर ती निम्म्याहून जास्त वेळा चालली तरच फायदा. थोडक्यात, ज्याला पकडलं जाणं परवडतं, त्यालाच हूल जमते. हे ‘राउंडर्स’ सांगत नाही. शेवटच्या डावात तर माइककडे खरोखरच भारी पत्ते असतात. तो फक्त हलके असल्याचं सोंग करतो.

भावाला पकडलं जाणं परवडणारं नव्हतं. तो रात्री फोनवर खेळायला लागला. तिथे ना कोणाचा चेहरा, ना बिस्किट. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये आला. तोवर त्याचं सगळं हरून झालं होतं. घरी मात्र त्याची हूल उत्तम चालली. नागपूरच्या क्लासची फी, मग होस्टेल, मग पुस्तकं: गोष्ट नीट जुळत होती. काकांनी शो मागितला नाही. धान विकून ते चाल देत राहिले.

आता सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा बिस्किटाच्या प्रसंगापेक्षा दुसराच प्रसंग मनात राहिला. कर्जात बुडालेला माइक प्राध्यापक पेट्रोव्स्कींकडे (मार्टिन लँडाउ) जातो आणि पैसे मागतो. ते त्याला 10 हजार डॉलर देतात. इथे कोणी कोणाचा चेहरा वाचत नाही, कोणी हूल देत नाही. माइक पत्ते उघडे टाकतो. हा या सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग आहे.

तक्रार आहे ती पुढची. माइक टेडीला हरवतो, एका रात्रीत सगळी देणी मोकळी करतो आणि उरलेले पैसे घेऊन लास व्हेगासला निघतो. म्हणजे खरं बोलण्याची किंमतही शेवटी पत्त्यांनीच चुकवली.

भावानेही पत्ते उघडे टाकले, आमच्याच छपरीत, काकांसमोर. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “किती?”

त्याची फेड अजून चालू आहे.