साधं पाऊल, थकलेली कंडरा

आयसीडी-१०-सीएम हे अमेरिकेतलं रोगवर्गीकरणाचं पुस्तक कुणी आवडीनं वाचायला घेत नाही. हवा तो कोड शोधायचा आणि पुस्तक मिटायचं, एवढाच त्याच्याशी संबंध. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथली रुग्णालयं या कोडांत आजार नोंदवतात, आणि त्यांतलं बरंच काम पुण्यात, नवी मुंबईत बसलेली आपली मुलंमुली करतात. या पुस्तकात एम६६ हा कंडरा, म्हणजे टेंडन, आपोआप तुटण्याचा गट आहे. त्याच्या माथ्यावर एक छोटी टीप आहे. मला ती चांगल्या गद्याचा नमुना वाटते.

टिपेचा आशय असा : जोर नेहमीचाच पडला, पण ज्या ऊतींवर पडला त्यांची ताकद नेहमीपेक्षा कमी असावी असं अनुमान निघतं, तेव्हाचं तुटणं या गटात धरावं. तिथेच हद्दही आखून दिली आहे. ऊती धडधाकट आणि जोर अवाजवी असेल, तर ती दुखापत. तिची जागा शरीराच्या त्या त्या भागाच्या दुखापतींत.

ही तराजूची दोन पारडी आहेत. एकात बाहेरून आलेला जोर, दुसऱ्यात आतली ताकद. कंडरा तुटली ही घटना दोन्हीकडे सारखीच. प्रश्न एवढाच, की कोणतं पारडं बिघडलं होतं? उत्तरावर रुग्णाची नोंद तेराव्या प्रकरणात, हाडं-स्नायूंच्या विकारांत जाते, किंवा एकोणिसाव्या प्रकरणात, दुखापतींत.

‘आपोआप’ हा शब्द एकटा वाचला तर फसवतो. जणू कारणच नव्हतं. टीप ही चूक हळुवार दुरुस्त करते : कारण होतं, फक्त ते त्या क्षणाचं नव्हतं. टाचेमागची अकिलीस कंडरा पाहा. टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वर तिचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि बहुधा ती तिथेच तुटते. रुग्ण सांगतो, मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं; वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. डॉक्टर त्याला पालथं झोपवून पोटरी दाबतात आणि पाऊल हलत नाही. लाथ मारणारा शोधायचाच असेल, तर तो त्या कंडरेच्या मागच्या काही वर्षांत सापडतो.

१९९१ मध्ये कॅनस आणि योझा या संशोधकांनी आपोआप तुटलेल्या कंडरा असलेल्या ८९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली एकही कंडरा निरोगी निघाली नाही. ९७ टक्क्यांत झीज होती. तुलनेसाठी घेतलेल्या न तुटलेल्या कंडरांपैकीही सुमारे एकतृतीयांशात तसेच बदल होते. म्हणजे कंडरा गुपचूप थकत जाते, आणि तुटेपर्यंत माणसाला पत्ता नसतो.

म्हणूनच टिपेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द ‘अनुमान’ आहे. तुटण्याआधी ती कंडरा कुणी पाहिलेली नसते. टीप पुरावा असल्याचा आव आणत नाही आणि पुरावा नाही म्हणून हातही झटकत नाही. दिसलेल्यावरून न दिसलेल्याकडे जायला ती परवानगी देते. मात्र हे अनुमान डॉक्टरांनी काढायचं आणि लिहायचं. कोड देणाऱ्याला ते स्वतःच्या मनानं काढता येत नाही. शिवाय पुस्तकाच्या सूचीत कंडरा तुटणं, काही न सांगता, दुखापतीकडेच वळतं. डॉक्टर गप्प राहिले, तर थकलेली कंडराही अपघात ठरते.

आता कोडाची बांधणी पाहू. एम६६.८६१ : एम६६ म्हणजे आपोआप तुटणं, ८ म्हणजे इतर कंडरा, ६ म्हणजे गुडघ्याखालचा पाय, शेवटचा १ म्हणजे उजवा. डाव्याला २, आणि कुणी बाजूच लिहिली नाही तर ९. दुखापतीच्या कोडांना सातवं अक्षर लागतं, उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत ते सांगणारं. एम६६ सहा अक्षरांवर थांबतो.

एक उणीव मात्र मला टोचते. जुन्या आयसीडी-९-सीएममध्ये ७२७.६७ हा कोड होता, दुखापतीविना तुटलेल्या अकिलीस कंडरेचा, थेट तिच्या नावाचा. नव्या गटात डावं-उजवं आलं, पण ते नाव गेलं. कंडरा आता वाकवणारी, ताठ करणारी की इतर, एवढंच विचारलं जातं. कोडातून गेलेलं नाव जपण्याची जबाबदारी डॉक्टरांच्या नोंदीवर आली.

दोन नोंदी कल्पून पाहा. एक : ‘टाचेमागची शीर तुटली.’ दुसरी : ‘वय ६४. पायरी उतरताना उजवी अकिलीस कंडरा तुटली. पडणं नाही, मार नाही. संधिवातासाठी अनेक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. आठवड्यापासून लेव्होफ्लॉक्सासिन चालू. कंडरा तुटण्याशी त्याचा संबंध.’ पहिलीतून ना बाजू कळते, ना कारण. दुसरीतून एम६६ तर ठरतोच. शिवाय प्रतिजैविकाच्या दुष्परिणामाचा टी३६.८एक्स५ए आणि दीर्घकाळच्या स्टेरॉइडचा झेड७९.५२ हेही आपसूक मागे येतात. लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटातल्या प्रतिजैविकांवर कंडरा तुटण्याचा ठळक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेच्या एफडीएनं २००८ मध्ये दिला. साठीपुढचं वय आणि स्टेरॉइड यांनी तो धोका वाढतो. दुसरी नोंद लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्या पायरीमागची सगळी वर्षं वाचली आहेत.

त्या टिपेची थोरवी मला इथेच दिसते. पाऊल चुकलं नव्हतं, असं ती रुग्णाला सांगते. आणि मग कंडरा का थकली, हे विचारायला डॉक्टरांना भाग पाडते. म्हणून नोंद लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे : कोणती कंडरा, कोणती बाजू, किती जोर आणि आधीपासून काय, या चार गोष्टी लिहा. कोड त्यांतूनच ठरतो, आणि पुढचं औषध देणारा माणूसही त्याच वाचतो.