‘केदा’ आणि ‘रही’

स्पॅनिश मला शब्दकोश शेजारी घेऊन बसण्यापुरतीच येते. तरी ‘दे मूसिका लिहेरा’ या गाण्यातल्या एका शब्दाने धरून ठेवलंय: ‘केदा’, म्हणजे ‘उरतं’. ब्युनॉस आयर्सच्या ‘सोडा स्टिरिओ’चं हे १९९० सालचं गाणं; आवाज आणि गिटार गुस्तावो सेरातीची. नाव हलक्याफुलक्या संगीताचं, आत तुटलेलं प्रेम. धृपद ‘केदा’वर येऊन टेकतं, पण नकार घेऊन. काही उरत नाही, म्हणतं.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला इथे सिराज औरंगाबादी आठवणारच. अठराव्या शतकातला आपल्या गावचा हा सूफी. ‘ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़’ या त्याच्या गझलेचा रदीफच मुळी ‘रही’. म्हणजे तिथेही दर शेराच्या शेवटी हिशेब उरण्याचाच.

सेराती सुरुवातीलाच एक पेच टाकतो. ती गर्दीच्या उबेत निजलेली. हा जागा, आणि तिला स्वप्नात पाहायची इच्छा याची! झोप एकाकडे, स्वप्नाची ओढ दुसऱ्याकडे. पुढे गुलाबांची राख येते. ती तिला पाठवणार नाही, असं तो बजावतो. मला यात खोड दिसते. पाठवायची नाही म्हणणाऱ्याने ती कुठेतरी पुडीत बांधून ठेवलेली असणार. नाहीतर नकार द्यायचा कशाला? सिराजकडेही सगळं जळतं. अज्ञाताच्या दिशेकडून वारा येतो नि आनंदाची बाग भस्म होते. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. दुःखाच्या झाडाची एक फांदी हिरवी ठेवतो आणि तिला हृदय म्हणतो. राख दोघांकडे आहे, हिरवं एकट्या सिराजकडे.

गाण्यातली खरी मेख मात्र एका सर्वनामात आहे. कडव्यांत ‘ती’ वेगळी, ‘मी’ वेगळा. धृपदात अचानक ‘आपल्याला’ येतं: त्या प्रेमापासून आपली सुटका नाही. जिथे काही उरत नाही म्हणायचं, नेमकं तिथेच हे दोघं एका शब्दात राहायला येतात. शिवाय ‘केदा’ वर्तमानकाळी आहे, ‘रही’ भूतकाळी. सिराजचा हिशेब मिटलेला आहे. त्याच्याकडे ‘तू’ही नाही, ‘मी’ही नाही, शिल्लक फक्त बेखबरी. सेरातीचं खातं अजून उघडंच.

चालही तेच सांगते. बी मायनर, जी, डी, ए हे चार कॉर्ड कडव्यात आणि धृपदातही तेच. पाणचक्कीच्या जात्यासारखे फिरत राहतात. शब्द निरोपाचे आणि पाय मात्र जागचे हलत नाहीत.

२० सप्टेंबर १९९७ रोजी रिव्हर प्लेटच्या स्टेडियममध्ये बँडने चाहत्यांचा निरोप घेतला तो याच गाण्याने. भरलेलं मैदान ‘काही उरत नाही’ असं एका सुरात गात होतं. आणि दहा वर्षांनी, २००७ साली, बँडमधले तिघं पुन्हा दौऱ्यावर निघाले!

सिराजने ऐन तारुण्यात, गुरूने सांगितलं म्हणून, शेर लिहिणं सोडलं. त्याची ती गझल आज आबिदा परवीन गातात, कव्वाल गातात, आणि ‘रही’ आला की मैफलीतली माणसं तो शब्द त्यांच्या आधीच उचलतात.