दुःखगीते आणि हलगी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय पंडित डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हा ग्रंथ 1903 साली प्रसिद्ध झाला. तो ज्यांनी चाळला असेल त्यांस त्याच्या रचनेतील एक विशेष आठवत असेल. बहुतेक प्रकरणांच्या माथ्यावर प्रथम कोणा नामांकित कवीच्या ओळी येतात, आणि त्यांच्या खाली गुलामांच्या एखाद्या गाण्याचे केवळ स्वर, शब्दांवाचून, पाश्चात्त्य स्वरलिपीच्या रेषांवर मांडलेले असतात. ज्यास ती लिपी वाचता येत नाही त्यास त्या खुणा मुक्याच राहतात. अखेरच्या प्रकरणात ग्रंथकर्ता त्यांचा उलगडा करतो. या गाण्यांस तो दुःखगीते म्हणतो, आणि अमेरिकेच्या भूमीने जगास दिलेले खरे संगीत हेच, असा त्याचा दावा आहे.

हे प्रकरण आम्हांस ग्रंथातील सर्वोत्कृष्ट वाटते. आपल्या आजोबांच्या आजीस आफ्रिकेतून पळवून आणल्याची हकीकत डुबॉइस तेथे सांगतात. ती मांडीवरच्या मुलास जे गाणे म्हणे ते दोन शतके घरात टिकून राहिले. शब्दांचा अर्थ कोणासही उरला नाही, परंतु सुरांचा अर्थ सर्वांस ठाऊक होता. इतिहासाचे साधन म्हणून कागदपत्रांपलीकडे काही असू शकते, हे इतक्या थोडक्यात सांगितलेले आमच्या वाचनात दुसरे नाही.

हा परका विषय येरमाळ्यास बसून वाचण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन जुने आहे. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केले. डॉ. आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, आणि 1946 साली त्यांनी खुद्द डुबॉइस यांस पत्र लिहिले. पुढे आमच्या शेजारच्या लातुरात अध्यापन करणाऱ्या प्रा. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथच मराठीस दिला. तेव्हा तुलना करावी की नाही हा प्रश्न उरलेला नाही. ती कोठवर टिकते, एवढेच पाहावयाचे आहे.

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी येरमाळ्याच्या डोंगरावरून आमराईत उतरते आणि लक्षावधी माणसे रानात चुनखडीचे खडे वेचतात. त्या गर्दीत आराध्यांचे मेळे गात असतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, सोबत संबळ नाहीतर तुणतुणे. आराधी होणे हा नवस आहे, आणि तो कोणत्याही जातीच्या स्त्रीपुरुषांस करता येतो. लेकरू जगावे, दुखणे हटावे, पाऊस पडावा, अशी मागणी घेऊन आलेली बाई जे गाते ते तिचे स्वतःचे असते. तिच्या गाण्यास डुबॉइस यांचा शब्द लावण्यास आमची हरकत नाही.

परंतु गावोगावच्या जत्रांत पालखीपुढे आणखी एक वाद्य वाजत आले आहे, ते हलगी. ती वाजविणारा मातंग समाजातील माणूस नवसास बांधलेला नव्हता. तो गावास बांधलेला होता. लग्नाची वरात, देवाची पालखी, दवंडी, प्रेतयात्रा, सगळीकडे त्याने हजर राहावे आणि त्याबद्दल बलुत्यात जे पडेल ते घ्यावे, असा रिवाज. ज्या देवापुढे तो वाजवी त्याच्या गाभाऱ्यात त्यास प्रवेश नसे. गुलामाचे गाणे मालकाने मागितलेले नव्हते. कित्येकदा ते मालकाच्या कानाआड रात्री रानात म्हटले जाई. हलगी मात्र मागितलेलीच असे. आमच्या मते सगळा भेद येथे आहे, आणि लोककलेवर लिहिणाऱ्या आमच्या बहुतेक लेखकांनी तो पाहिलेला नाही. डॉ. आंबेडकरांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीसाठी मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणले ते 1928 साली. आणि येरमाळ्याहून फार दूर नसलेल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद त्यांनी 1941 च्या फेब्रुवारीत भरविली. प्रश्न कलेचा नव्हता, बिनमोल राबण्याचा होता.

आज शिकलेली मातंग मुले हलगीस हात लावीत नाहीत, म्हणून हळहळणारे लेख वारंवार दृष्टीस पडतात. कला लोपत चालली, असे त्यांचे पालुपद. त्याच वेळी, वाजविण्यास नकार दिला म्हणून वस्तीवर बहिष्कार पडल्याची बातमी मराठवाड्यातून अधूनमधून येते, तिचा उल्लेख या लेखांत सापडत नाही. फ्रेडरिक डग्लस या मुक्त झालेल्या गुलामाने 1845 सालच्या आत्मचरित्रात बजावले होते की, गुलाम गातात म्हणून ते सुखी आहेत असे समजणे ही शुद्ध चूक होय. आमच्या हळहळणाऱ्यांनी ते पान एकदा वाचावे.

मग टाकून देणे हाच मार्ग काय? येथे फिस्कची हकीकत उपयोगी पडते. मुक्त गुलामांसाठी 1866 साली नॅशव्हिल येथे निघालेले हे विद्यालय पैशाअभावी बुडू लागले, तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट 1871 साली नऊ विद्यार्थ्यांचा गायकसंच घेऊन दौऱ्यावर निघाले. गुलामांची गाणी सभेत म्हणावयास ही मुले प्रथम तयार नव्हती. ती गाणी दास्याच्या काळाची, विसरावयाची, असे त्यांस वाटे. एला शेपर्ड या त्यांतील गायिकेने हे लिहून ठेवले आहे. डुबॉइस या संकोचावर थांबत नाहीत, आणि त्यांच्या प्रकरणातील हीच आम्हांस उणीव वाटते. पुढे मुलांनी ती गाणी गायली, कारण ऐकणारा आता मालक नसून तिकीट काढून बसलेला श्रोता होता, आणि त्या उत्पन्नातून त्यांच्याच विद्यालयाची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. गाणे तेच होते, गाण्याच्या अटी बदलल्या होत्या.

आमच्याकडे हेच काम आंबेडकरी जलशांनी केले. भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती, त्यांच्या मागून वामनदादा कर्डक, यांनी लोकांच्या ओठांवरच्या चालींत नवे शब्द घातले आणि ते आपल्याच सभेत, आपल्याच माणसांपुढे गायले. अण्णाभाऊ साठे यांनी तमाशाच्या चौकटीस तेच केले. या रचनांत प्रचार आहे म्हणून नाक मुरडणाऱ्या समीक्षकांशी आमचे जमत नाही. प्रचार आहेच, पण चाल टिकली ती त्याच प्रचारामुळे. डफ आणि ढोलकी ज्या वस्तीत वेठीची खूण होती त्याच वस्तीत 14 एप्रिलच्या मिरवणुकीस ती हौसेने वाजू लागली, यास लोप म्हणावयाचे की काय?

एक काम मात्र राहून गेले आहे. आमच्या जुन्या संग्रहांत लोकगीतांचे शब्द विपुल मिळतात. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचे भांडार आहे, परंतु ती ओवी कोणत्या स्वरात उठे हे छापील पानावरून कळत नाही. अमेरिकेत गुलामांच्या गाण्यांचा स्वरांसह संग्रह 1867 सालीच छापला गेला होता, म्हणून छत्तीस वर्षांनंतर डुबॉइस यांस प्रकरणाच्या माथ्यावर ठेवावयास काही सापडले. येरमाळ्याच्या आराधिणीची चाल आणि हलगीचे ठेके स्वरतालासह लिहून घ्यावयाचे झाल्यास सांगणारी वृद्ध माणसे अजून हयात आहेत. त्यांस मानधन द्यावे, आणि पुस्तकावर नाव त्यांचे असावे.