‘स्वदेशी’ : एका बहुभाषिक पथकाची लय

मुंबईतील ‘स्वदेशी’ हे हिप-हॉप पथक २०१३ च्या सुमारास उभे राहिले. त्याच्याविषयी लिहिताना त्याला शाहिरी परंपरेचा आजचा वारस ठरविण्याकडे समीक्षकांचा कल आढळतो. या विधानात तथ्य नाही असे नाही. जमीन, जंगल, सत्ताधाऱ्यांचा मस्तवालपणा आणि सामान्य माणसाची मुस्कटदाबी हे शाहिरांचे विषय या पथकाच्याही रचनांत पदोपदी येतात. परंतु केवळ विषयसाम्यावरून वारसा सिद्ध होत नाही. तसे मानल्यास निषेधाची कोणतीही कविता पोवाड्याच्या घरात येऊन बसेल. वारशाचा विचार करावयाचा तर तो रचनेच्या अंगाने केला पाहिजे, आणि रचनेच्या अंगाने पाहू लागताच हे पथक शाहिरांपासून एका मूलभूत बाबतीत दूर गेलेले दिसते.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांपुढे या पथकाने जे सादर केले त्याचा सांगाडा जुन्या तमाशाचा व शाहिरीचा होता. मुख्य शाहीर कथन करतो, झीलकरी त्याची ओळ उचलतात, आणि तीच ओळ हळूहळू श्रोत्यांच्या तोंडी जाते. ही किमया एका गोष्टीवर अवलंबून आहे : शाहीर, झीलकरी आणि श्रोता या तिघांची भाषा एक असली पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने जे साधले, त्यामागे कवीच्या प्रतिभेइतकेच हे भाषिक ऐक्यही उभे होते. किंबहुना त्या लढ्याचा विषयच भाषा हा होता.

‘स्वदेशी’ने हे ऐक्य सोडून दिले आहे. मवाली मराठीत व हिंदीत म्हणतो. ‘तोडफोड’ या नावाने ओळखला जाणारा धर्मेश परमार याचा मुख्य आधार गुजराती. ‘हंड्रेड आरबीएच’ अमरावतीकडचा, आणि त्याची मराठी मुंबईची नव्हे. प्रसंगी इतर भाषाही येतात. एकाच रचनेत एक कडवे एका भाषेत संपते आणि दुसरे दुसऱ्या भाषेत सुरू होते. मध्ये भाषांतर नाही, खुलासा नाही. परिणामी बहुतेक श्रोत्यांना रचनेचा काही भाग अर्थ म्हणून आणि उरलेला नाद म्हणून भेटतो. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ज्या गटांमुळे ‘पर्यायी हिप-हॉप’ ही संज्ञा रूढ झाली त्यांच्या एका मंडळाचे नाव ‘नेटिव्ह टंग्ज’, म्हणजे मातृभाषा, असे होते. १९८९ मध्ये पहिला संग्रह काढून गाजलेला ‘डे ला सोल’ हा गट त्यातलाच. गंमत अशी की त्या मंडळाची भाषा एकच होती, इंग्रजी. त्या नावाचा शब्दशः अर्थ दादर-नायगावच्या परिसरात खरा व्हावयाचा होता!

मग भाषा सामायिक नसलेल्या या पथकाला एकत्र बांधते काय? विचारांचे ऐक्य हे उत्तर पुरेसे नाही, कारण एका विचाराची माणसे एकत्र सभा घेऊ शकतात, एकत्र गाऊ शकतीलच असे नाही. खरे उत्तर तालात आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ या उपक्रमात पथकातील तरुणांनी कर्नाटक संगीतातील कोन्नक्कोल, म्हणजे मुखाने बोल म्हणण्याची विद्या, आत्मसात करण्याचा प्रयत्न केला. ‘तकधिमि’, ‘तकिट’ या बोलांना कोशात अर्थ नाही. ते मराठीही नाहीत आणि गुजरातीही नाहीत. म्हणूनच दोघांनाही ते सारखेच आपले वाटू शकतात. शब्द बसविण्यापूर्वी बोलांचा आराखडा करावयाचा आणि मग प्रत्येकाने त्या आराखड्यात आपापली भाषा भरावयाची, ही रीत एकदा अंगवळणी पडली की कडव्याची भाषा बदलली तरी जोड दिसत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला येथे थांबून विचार करण्याजोगे बरेच आहे. रॅपचे जवळचे मराठी नाते पोवाड्यात शोधले जाते, पण पोवाड्याचे कथन सैल, गद्याकडे झुकणारे असते. अधिक जवळचा नातलग कटाव होय. अमृतरायांच्या (१६९८–१७५३) कटावांत ठरावीक मात्रांचे तुकडे एकामागून एक धावत येतात, प्रत्येकाच्या शेवटी यमक आदळते, चरणांच्या संख्येला बंधन नसते, आणि म्हणणाऱ्याचा दमसास हाच जणू रचनेचा विस्तार ठरवितो. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त ज्याला पद्मावर्तन म्हटले ते आठ मात्रांचे आवर्तन रॅपच्या चौठेकी घडणीला सहज मिळते. सात मात्रांचे अग्न्यावर्तन आणि पाच मात्रांचे हरावर्तन मात्र तिथे सहजी बसत नाही. कोन्नक्कोलची शिकवण याच ठिकाणी कामास येते. खंड जातीचे पाच आणि मिश्र जातीचे सात असे गट चारांच्या तालावर आडवे टाकून, सम चुकू न देता ते परत कसे आणावयाचे हा त्या विद्येचा नित्याचा खेळ आहे. जिथे ‘स्वदेशी’ची लेखणी हा खेळ खेळते तिथे ओळ चालत्या वाक्यासारखी सळसळते. जिथे ती केवळ आठांच्या चौकटीत यमके ठोकीत जाते तिथे, आशय कितीही जहाल असला तरी, कान लवकर थकतो. हा दोष मराठी कडव्यांत अधिक जाणवतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘आहे’, ‘नाही’, ‘झाले’, ‘गेले’ यांची स्वस्त यमके हाताशीच असतात.

तोडफोडच्या गुजरातीचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. तो नायगावच्या बीडीडी चाळीतला. दक्षिण मुंबईत गुजराती म्हटले की काळबादेवी-भुलेश्वरच्या पेढ्या आणि शेअर बाजार डोळ्यांपुढे येतात. ती सत्तेची नसली तरी पैशाची भाषा, असा मराठी मनाचा जुना समज आहे, आणि १९५६ ते १९६० या काळातील कडवटपणाने तो पक्का केला. गिरणगाव तेवढा मराठी, ही त्याच समजाची दुसरी बाजू. वस्तुतः गिरणगावात गुजराती, तेलुगू व उत्तर भारतीय कामगारही पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. तोडफोडच्या कडव्यांत गुजराती ही हिशेबाच्या वहीतून बाहेर पडून चाळीच्या गॅलरीत उभी राहते आणि शेजारच्या मराठी आवाजाच्या बाजूने बोलते. ज्या नगराच्या मालकीवरून या दोन भाषा एकदा समोरासमोर आल्या होत्या, तिथे हे घडावे याचे महत्त्व कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक आहे.

२०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटातील ‘इंडिया ९१’ या गीतात पथकातील काही आवाज आले. प्रसिद्धी झाली, पथकाच्या रचनेचा विचार करताना त्याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही.

त्याच वर्षीचे ‘द वारली रिव्होल्ट’ मात्र निराळे. आरेच्या जंगलात मेट्रोची कारशेड उभारण्याच्या योजनेला विरोध हे त्याचे निमित्त, आणि १९४५ मध्ये सुरू झालेल्या वारल्यांच्या उठावाची आठवण त्याच्या नावात. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे तो उठाव मराठी वाचकाला परिचित आहे. आरेतील केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा गाता स्वर येथे रॅपच्या पठणाशेजारी ठेवला आहे. शहरी तरुण आदिवासींच्या ‘वतीने’ बोलू लागतो तेव्हा आपला आवाज मोठा करण्याचा मोह त्याला पडतो. येथे भोईरांचा स्वर सजावटीला उरत नाही, पठणालाच त्याच्या चालीने चालावे लागते. २०२० च्या ‘चेतावनी’ या संग्रहाबद्दल असे सरसकट म्हणता येत नाही. चेतावणी ही शत्रूला उद्देशून असते, आणि त्यामुळे श्रोता बऱ्याचदा दोघांच्या भांडणाचा नुसता साक्षीदार होऊन बसतो. शाहिराने ही चूक सहसा केली नाही. त्याने सरकारला दम भरला तरी तोंड श्रोत्यांकडेच ठेवले. आरेतील झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये तुटली. मेट्रोची ती मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये दादर व गिरगावच्या पोटाखालून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. त्यावरून गीत हरले असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. कारशेडचा प्रश्न निकालात निघाल्यावरही ज्याचे ऐकावे असे काही उरते ते गीत कोणते, एवढे मात्र यावरून तपासता येते, आणि भोईरांचा स्वर त्या कसोटीला उतरतो.

मार्च २०२२ मध्ये तोडफोडचा ‘ट्रूथ अँड बास’ हा स्वतंत्र संग्रह निघाला आणि त्याच महिन्यात, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो निवर्तला. शाहिरी फडात नायक गेला तर त्याचे कवन शिष्य उचलतो. कवन वहीत असते, चाल सर्वांना ठाऊक असते, भाषा सगळ्यांची असते. झीलकरी पुढे सरतो आणि फड चालू राहतो. ‘स्वदेशी’च्या घडणीत ही सोय नाही. येथे ज्याचे कडवे त्यानेच लिहावयाचे आणि त्यानेच म्हणावयाचे असा अलिखित नेम आहे. तोडफोडचे कडवे मवालीने म्हणावयाचे झाले तर एकतर ते त्याला मराठीत आणावे लागेल, म्हणजे ज्यासाठी ते लिहिले गेले तेच गमवावे लागेल, किंवा त्या जागी नुसते बोल म्हणून कडव्याच्या मात्रा रिकाम्या सोडाव्या लागतील.