स्कोबीचा सदसद्विवेक

दिवाळीच्या फराळाबरोबर पापपुण्याची चर्चा कशाला, असे एखादी गृहिणी विचारील. पण ग्रॅहम ग्रीन यांची ‘द हार्ट ऑफ द मॅटर’ (१९४८) ही कादंबरी अखेर एका घराचीच गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पश्चिम आफ्रिकेतील एका ब्रिटिश वसाहतीत स्कोबी हा पोलीस अधिकारी राहतो. तो लग्नासाठी कॅथलिक झालेला. सचोटीचा माणूस. त्याची पहिली चूक लहानशी आहे. एका पोर्तुगीज कप्तानाने आपल्या मुलीला लिहिलेले चोरटे पत्र त्याला झडतीत सापडते. वरिष्ठांकडे न पाठवता तो ते जाळून टाकतो. लाचेसाठी नव्हे, दया आली म्हणून. मग पत्नी लुईझ हिला दक्षिण आफ्रिकेस धाडण्यासाठी तो एका सीरियन व्यापाऱ्याकडून कर्ज काढतो. ती गेल्यावर हेलन या तरुण विधवेशी त्याचा संबंध जडतो. तेथेही आरंभ दयेचाच!

लुईझ परत येते आणि आपल्याबरोबर कम्युनियन घेण्याचा आग्रह धरते. अशा पापाची क्षमा मिळाल्यावाचून ते घेणे म्हणजे कॅथलिकाच्या दृष्टीने महापातक. स्कोबी पाद्र्यापुढे पापनिवेदन करतो. पण हेलनला सोडीन असे खोटे वचन त्याच्या तोंडून निघत नाही, म्हणून क्षमाही मिळत नाही. तरी पत्नीला संशय येऊ नये म्हणून तो कम्युनियन घेतो, आणि शेवटी आजाराचे सोंग करून आत्महत्या करतो.

नरकावर खरा विश्वास असणारा असे करणार नाही, असा आक्षेप जॉर्ज ऑर्वेल यांनी त्याच वर्षी घेतला. मला तो पटत नाही. खोटे बोलणे पाप आहे असे मनापासून मानणारा मुलगा मित्राला शिक्षा होऊ नये म्हणून खोटे बोलतो, हे मी वर्गात नेहमी पाहतो.

खरे मर्म पुढेच आहे. लुईझला सारे ठाऊक होते. ती परतली तीच ते कळल्यामुळे. ज्या फसवणुकीपायी स्कोबीने आत्मा गहाण टाकला, ती फसवणूक कधी साधलीच नव्हती! पाद्र्यापुढे ज्याला खोटे बोलवले नाही, तो पत्नीपुढे रोज खोटे बोलला. हिला सत्य पेलेल, असे त्याला वाटलेच नाही. दया करणारा माणूस नकळत दुसऱ्याला लहान लेखतो. ग्रीन यांनीही या दोन्ही स्त्रिया बव्हंशी स्कोबीच्या दयेपुरत्याच रंगवल्या आहेत; ही कादंबरीची उणीव.

चर्चमध्ये जागा आणि घरात निजलेला सदसद्विवेक केवळ कॅथलिकांचाच असतो काय? देवघरात खरे आणि माजघरात खोटे बोलणारे आपल्यातही आहेत. म्हणून ही कादंबरी नवराबायकोने मिळून वाचावी, आणि वाचून झाल्यावर एकमेकांशी थोडे बोलावे.